ला पाझमध्ये मुक्काम कुठे करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलिव्हियाला जाऊन आल्यापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण मुक्कामाविषयी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: ला पाझमध्ये पहिल्या दोन रात्रींची खोली निवडताना हॉटेल किती तारांकित आहे ते नंतर बघा, ते समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचीवर आहे ते आधी बघा, कारण इथे विरळ हवेचा त्रास होतो. बाकी सगळं दुसऱ्या हॉटेलात जाऊन सुधारता येतं. पहिली रात्र चुकली की पुढचे तीन दिवस पलंगावर जातात.

१. आम्ही लेहला जाऊन आलोय. ला पाझ त्याहून अवघड आहे का?

थोडं अवघड आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर, ला पाझचा मध्यभाग ३,६४० मीटरवर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ला पाझच्या चौकात उभे असता तेव्हा कळसूबाईच्या दुपटीहून उंच असता. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून जरा कमीच. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस आराम करायला सांगतात, तेच इथेही लागू. फरक असा की लेहचा विमानतळ गावाहून थोडा खालीच आहे. ला पाझचा विमानतळ शहराच्या डोक्यावर, एल आल्तो इथे, ४,०६१ मीटरवर आहे. तिथे तुम्ही थेट उतरता आणि मग खाली शहरात येता. लेहला त्रास झाला नाही म्हणून इथे होणार नाही असं धरू नका. एकाच माणसाला एका वेळी होत नाही आणि पुढच्या वेळी होतो.

२. शहराचे कोणते भाग राहण्यासारखे आहेत?

ला पाझ म्हणजे एक खोल वाडगा आहे. काठावर एल आल्तो, उतारांवर विटांची घरं, तळाशी चोकेयापू नदीच्या बाजूने वसलेलं जुनं शहर, आणि नदी जिकडे खाली वाहत जाते तिकडे दक्षिणेचा भाग. इतर शहरांत पैसेवाले टेकडीवर राहतात. इथे उलटं आहे, कारण खाली हवा दाट असते आणि थंडीही थोडी कमी.

सगळ्यात वर एल आल्तो, सुमारे ४,१५० मीटर. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

त्याखाली सागार्नागा आणि लिनारेस या गल्ल्या, सान फ्रान्सिस्को चर्चच्या वरच्या अंगाला. 'चेटकिणींचा बाजार' इथलाच: वाळवलेल्या वनस्पती, तावीज, धरणीमातेला म्हणजे पाचामामाला वाहायच्या वस्तू. बहुतेक स्वस्त हॉस्टेलं आणि सहली नेणारी ऑफिसं याच भागात, त्यामुळे शोधताना पहिल्यांदा हाच भाग समोर येतो. गल्ल्या मात्र अशा चढाच्या की पाण्याची बाटली आणायला खाली गेलात तर परत येताना दोनदा थांबावं लागतं.

प्लासा मुरिल्यो हा राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याचा आणि संसदेचा चौक. आजूबाजूला जुन्या इमारतींतली चांगली हॉटेलं आहेत. मोर्चेही इथेच येतात.

सोपोकाची मला सगळ्यात आवडलेला भाग. प्लासा आबारोआच्या भोवती कॅफे, पुस्तकांची दुकानं, झाडं. एल मोंतिकुलो नावाच्या छोट्या बागेतून इलिमानी हा ६,४३८ मीटरचा बर्फाळ डोंगर समोर दिसतो. उंची मध्यभागाच्या जवळपासच, पण चढ सागार्नागाइतके जीवघेणे नाहीत.

मिराफ्लोरेस सपाट आहे, मोठी रुग्णालयं तिथे आहेत. पर्यटक फार जात नाहीत.

आणि सगळ्यात खाली दक्षिण विभाग, त्याला सगळे 'सोना सूर' म्हणतात. ओब्राखेस, कालाकोतो, सान मिगेल, आचुमानी, इर्पावी ही तिथली नावं. उंची ढोबळमानाने ३,२०० ते ३,४०० मीटर.

३. एवढं नको, पहिल्या दोन रात्रींसाठी एकच भाग सांगा.

कालाकोतो किंवा त्याला लागून असलेलं सान मिगेल.

आम्ही पहिल्या खेपेला हे केलं नाही. स्वस्त आणि 'सगळं चालत जाण्याच्या अंतरावर' म्हणून सागार्नागाजवळची खोली घेतली. चौथा मजला, लिफ्ट नाही. जिना दगडी, कठडा लोखंडी आणि बर्फासारखा गार. दुसऱ्या मजल्यावर मी बॅग खाली ठेवली आणि कठड्याला कपाळ टेकून उभी राहिले, तेव्हा कानात स्वतःच्याच हृदयाचे ठोके ऐकू येत होते. वर पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं होतं. ती रात्र आणि पुढचा दिवस उलट्यांत गेला. तिसऱ्या दिवशी आम्ही कालाकोतोला हललो आणि संध्याकाळी मला पहिल्यांदा भूक लागली.

तिसऱ्या दिवशी तसंही बरं वाटलंच असतं, हे खरं. पण तो जिना कुणाच्याच वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पान.

४. चारशे मीटरनं खरंच फरक पडतो?

पडतो, पण जादू होत नाही. ३,२५० मीटरसुद्धा उंचच आहे आणि तिथेही डोकं दुखू शकतं. विरळ हवेचा त्रास मुख्यतः तुम्ही झोपता कुठे यावर ठरतो. दिवसा वर फिरून रात्री खाली झोपायला येणं हा गिर्यारोहकांचा जुना नियम आहे, आणि ला पाझ हे असं विरळा शहर आहे जिथे तो नियम हॉटेल निवडूनच पाळता येतो. शिवाय दक्षिण विभागात रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत. चढ नसणं हे उंची कमी असण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

५. दक्षिणेला राहिलो तर शहर बघायला रोज लांब जावं लागेल ना?

लागेल, पण ते जाणंच बघण्यासारखं आहे. २०१४ पासून ला पाझमध्ये 'मी तेलेफेरिको' नावाची रोपवे सेवा सुरू आहे. ती पर्यटकांसाठी उभारलेली नाही, ती शहराची रोजची लोकल आहे. दहा मार्ग आहेत आणि प्रत्येकाला रंगाचं नाव. दक्षिणेत इर्पावी किंवा ओब्राखेसला हिरव्या मार्गावर बसायचं, लिबेर्तादोर स्थानकावर बदलायचं. तिथून आकाशी मार्ग प्रादोला, म्हणजे मध्यभागात नेतो. पिवळा मार्ग सोपोकाचीवरून थेट एल आल्तोच्या काठावर जातो. खाली लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, फुटबॉलची मैदानं, समोर इलिमानी. मी एका दुपारी नुसतीच तीन मार्ग बदलत बसले होते.

दोन गोष्टी सांभाळा. सेवा रात्रभर चालत नाही, तेव्हा उशिरा जेवायला गेलात तर टॅक्सीची सोय बघून ठेवा. आणि पहिल्याच दिवशी पिवळ्या मार्गाने थेट वर जाऊ नका. पाळण्यात बसून काही श्रम होत नाहीत, तरी वर पोचता तेव्हा तुम्ही ४,००० मीटरच्या वर असता.

६. आमचं विमान पहाटे तीनला उतरतं. खोली दुपारी मिळणार. मधल्या वेळात काय?

आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या. एका रात्रीचे जास्तीचे पैसे जातात, पण उतरल्यावर सहा-आठ तास आडवं पडायला मिळणं हा या प्रवासातला सगळ्यात योग्य खर्च आहे. हॉटेलला पोचण्याची वेळ लेखी कळवा, नाहीतर 'आले नाहीत' म्हणून खोली दुसऱ्याला दिली जाते. लॉबीतल्या सोफ्यावर बसून दुपारची वाट पाहणं, त्यात वेळ घालवायला म्हणून बाजारात चक्कर मारणं, हे सगळ्यात वाईट. डोकं बहुतेकांचं पहिल्या सहा ते बारा तासांत दुखायला लागतं, नेमकं त्याच वेळात तुम्ही चढ चढत असता.

७. दुसऱ्या दिवशी सकाळी परत विमान आहे. मग विमानतळाजवळ एल आल्तोमध्येच राहू का?

बोलिव्हियात नुकतेच आला असाल तर नको. ४,१०० मीटरवर पहिली झोप घेणं म्हणजे दुखणं मागून घेणं. परतीच्या आदल्या रात्री, आठ-दहा दिवस उंचीवर काढून झाले असतील आणि रस्ते अडण्याची भीती असेल (प्रश्न १५), तर जरूर राहा.

एल आल्तो टाळण्यासारखं शहर नाही, हे मुद्दाम सांगते. फ्रेदी मामानी या वास्तुविशारदाने आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या विणकामाच्या रंगांत आणि आकृत्यांत बांधलेल्या इमारती तिथेच आहेत. गुरुवारी आणि रविवारी भरणारा '१६ दे हूलिओ' बाजार किती पसरतो ते लाल मार्गाच्या पाळण्यातून बघावं. दिवसा जा, झोपायला खाली या.

८. हॉटेल बुक करण्याआधी काय काय विचारू?

लिफ्ट आहे का, आणि नसेल तर खोली कितव्या मजल्यावर. हे पहिलं. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या आहेत का हेही विचारा, कारण इथल्या कित्येक इमारतींचं दारच वीस पायऱ्या वर असतं.

मग 'आय ओक्सीखेनो?' म्हणजे ऑक्सिजन आहे का. ला पाझच्या अनेक हॉटेलांत नळकांडं ठेवलेलं असतं, विचारण्यात कुणाला नवल वाटत नाही.

'आय कालेफाक्सिओन?' म्हणजे खोली गरम करायची सोय आहे का (प्रश्न ९). गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी. आणि जुन्या इमारतीत विजेचा दाब विचारा, कारण ला पाझमध्ये ११५ आणि २३० व्होल्ट दोन्ही आढळतात. मोबाईलच्या चार्जरला फरक पडत नाही, पण घरून नेलेली विजेची किटली ११५वर पाणी कोमटच ठेवते.

भाडं डॉलरमध्ये सांगितलंय की बोलिव्हियानोमध्ये, तेही स्पष्ट करून घ्या. २०२३ पासून देशात डॉलरची टंचाई जाणवू लागली आणि सरकारी दर वेगळा, बाजारातला वेगळा असं झालं. दर बदलत राहतात, म्हणून कोणत्या चलनात आणि कशाने (रोख की कार्ड) द्यायचे ते आधी ठरलेलं बरं.

९. थंडी किती? खोलीत हीटर लागतोच का?

जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. दुपारी उन्हात स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. बऱ्याच जुन्या हॉटेलांत भिंतींना उष्णता देणारी व्यवस्था नसते, जाड अल्पाका घोंगड्या असतात. त्या पुरतात, पण अंघोळ करून बाहेर येण्याचे ते दोन मिनिट आठवणीत राहतात.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सिलिंडरवर चालणारा गॅसचा हीटर दिला असेल तर तो लावून, खिडक्या बंद करून झोपू नका. त्यातून विषारी वायू साचू शकतो, आणि त्याची लक्षणं, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गुंगी, हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी असतात. उंची लागली असं समजून माणूस पडून राहतो. विजेचा हीटर मागा, नाहीतर घोंगड्या.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्यावा का?

चार दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर हो. सोपोकाची आणि सान मिगेल दोन्हीकडे शाकाहारी जेवण मिळतं, पण शेंगदाण्याच्या सुपाच्या तळाशी हाड निघू शकतं. 'सिन कार्ने' म्हणजे 'मांसाशिवाय' म्हटलं की कोंबडी चालते असं पुष्कळांना वाटतं, म्हणून 'नी पोल्यो' हेही जोडा. मक्याच्या पानात गुंडाळलेली उमिंता खाऊन बघा. मक्याची आणि चीजची असते, गोडसर.

स्वयंपाक करणार असाल तर एक लक्षात ठेवा: इथे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, भात वरून मऊ आणि आत टचटचीत राहतो. तिथल्या घरांतही म्हणूनच प्रेशर कुकर असतो. फ्लॅटमालकाला 'ओल्या आ प्रेसिओन' आहे का विचारा. आहे म्हणाले की वरण-भात झालाच समजा.

११. आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना नेऊ की नको, आणि नेलं तर कुठे राहू?

नेऊ की नको हे त्यांचे डॉक्टर सांगतील, विशेषतः हृदयाचं, फुप्फुसांचं दुखणं, वाढलेला रक्तदाब किंवा सिकल सेल असेल तर विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांनाही हेच लागू. उंचीवर जाण्याआधी दिल्या जाणाऱ्या अॅसिटाझोलामाइड या गोळीबद्दलही डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

न्यायचं ठरलं तर थेट ला पाझला उतरू नका. प्रश्न १३ मधल्या मार्गाने टप्प्याटप्प्याने या, आणि ला पाझमध्ये सगळे दिवस दक्षिण विभागातच काढा. तळमजला किंवा लिफ्ट. बाकी काही तडजोड चालेल, यात नको.

१२. हॉटेलवाले कोकाचा चहा देतात. प्यावा का?

तिथे तो कायदेशीर आहे आणि आल्या-आल्या हातात देतात. ऊबदार वाटतं, थोडी तरतरी येते. पण त्यावर विसंबून चढायला निघू नका. परत येताना पानं किंवा चहाच्या पुड्या बॅगेत ठेवू नका. भारतात अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात कोकाचं पान बंदी असलेल्या यादीत आहे.

१३. बोलिव्हियाची राजधानी सुक्रे आहे असं वाचलं. मग आधी तिकडेच राहिलो तर?

फार चांगला विचार आहे. घटनेप्रमाणे राजधानी सुक्रेच. १८९९च्या यादवीनंतर सरकार आणि संसद ला पाझला गेली, सर्वोच्च न्यायालय सुक्रेत राहिलं. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सुक्रे सुमारे २,८०० मीटरवर आहे. सान्ता क्रूसला (सुमारे ४०० मीटर) उतरा, तिथून विमानाने सुक्रेला जा, तीन रात्री काढा, मग ला पाझ. वाटेत २,५५० मीटरवरचं कोचाबांबाही चालेल. असं करून ला पाझला पोचलात तरी पहिली रात्र खालीच घ्या.

१४. आम्ही उयुनीहून किंवा तितिकाकाहून येतोय. तरी दक्षिणेतच राहायचं?

गरज नाही. उयुनी हे मिठाच्या मैदानाजवळचं गाव ला पाझच्याच उंचीचं आहे, तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर. तिथे तीन-चार रात्री बऱ्या गेल्या असतील तर शरीराला सवय झालेली असते. सोपोकाचीत राहा, नाहीतर सरळ सागार्नागाला. मग तिथला गजबजाट आवडेल.

१५. मोर्चे, रस्ता रोको यांचं काय? त्याचा मुक्कामाशी संबंध आहे?

आहे. बोलिव्हियात रस्ते अडवण्याला 'ब्लोकेओ' म्हणतात आणि एल आल्तोचे रस्ते अडले की विमानतळाचा शहराशी संपर्क तुटतो. रोपवे रस्त्यावरून जात नाही, म्हणून परतीच्या आदल्या रात्री एखाद्या स्थानकापासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या. सामान मात्र आटोपशीर हवं. रोपवे थेट विमानतळाच्या दारात जात नाही, वर पोचल्यावर पुढचा तुकडा टॅक्सीने किंवा पायी करावा लागतो.

सप्टेंबरचा पहिला रविवार हा पादचारी दिन, त्या दिवशी शहरात गाड्या बंद असतात. मतदानाच्या दिवशीही वाहतूक बंद असते. त्या तारखांना विमान असेल तर हॉटेलला आठवडाभर आधी विचारा.

१६. रात्री श्वास अडकून दचकून जाग येते. खोली बदलू का?

नुसतं तेवढंच असेल तर घाबरू नका. उंचीवर झोपेत श्वास काही क्षण थांबतो आणि मग जोरात सुरू होतो, हे निरोगी माणसालाही होतं. उशी जरा उंच घ्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सोबत असेल तर आकडा ९० च्या आसपास दिसला म्हणून धावपळ करू नका, तिथे तो तसाच असतो. पण बसल्या जागी धाप, सतत खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर खोली बदलून भागणार नाही. ऑक्सिजन लावा, दवाखाना गाठा, आणि पुढचा प्रश्न वाचा.

१७. डॉक्टरांनी 'खाली जा' सांगितलं तर ला पाझहून खाली जायचं कुठे?

हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण नकाशा इथे फसवतो. कोरोइको हे गाव २,००० मीटरच्याही खाली आहे आणि जवळ दिसतं, पण तिथला रस्ता आधी ४,६०० मीटरच्या वरची ला कुम्ब्रे खिंड चढतो आणि मग उतरतो. सुक्रे, कोचाबांबा, ओरुरो, कुठल्याही रस्त्याने निघा, आधी एल आल्तोच्या पठारावर चढावं लागतं. आजारी माणसाला गाडीतून असं वर नेणं धोक्याचं आहे.

चढ न लागता खाली जाणारा रस्ता एकाच दिशेला आहे: दक्षिण विभागातून नदीच्या कडेने, माल्यासावरून मेकापाकाकडे. त्या भागाला 'रिओ आबाखो' म्हणतात आणि मेकापाका साधारण २,८५० मीटरवर आहे. तिथे साधे, बागेत बांधलेले मुक्काम मिळतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, ऑक्सिजन लावून, विमानाने सान्ता क्रूस. कालाकोतोत राहत असाल तर मेकापाकाच्या रस्त्याला तुम्ही आधीच लागलेले असता.